नाव घेताना बाईलाही विचारा

मैत्रिणींनो, आमच्या आसगावकडे समुद्र नाही. पण वैनगंगा आहे, गोसीखुर्द धरणाचं अथांग पाणी आहे. लाकडी डोंगा कुजला की घरात ॲल्युमिनियमच्या नावेची गोष्ट निघते. हलकी, डांबर नको. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तांब्या-लोखंडाची संगत बाधते, पत्रा खातो. गोड्या पाण्यात ती धास्ती कमी. पण पाण्याखालची झाडांची खुंटं? पातळ पत्र्याला तीच भोवतात. म्हणून पत्रा जाड, बूड रुंद बघावं. हे सगळं ठरवतात पुरुष, आणि मासळी विकून हप्ता फेडते बाई! तिनंही जावं, नावेत बसून बघावं. रंगरंगोटी मागाहून, आधी लाईफ जॅकेट. पोहता येतं म्हणे! जाळ्यात पाय अडकला तर?