प्लॉट किती फुटांचा?

दिवाळी अंकात गोडधोडच लिहावे असा एक संकेत आहे. पण चिवड्यात मिरची नसेल तर त्या चिवड्याला चव कसली? वाचकहो, हा लेख त्या मिरचीसारखा समजावा, आणि फारच झोंबला तर वर एक करंजी खावी.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावातले एक ओळखीचे गृहस्थ आपल्या चिरंजीवांना घेऊन माझ्याकडे आले. मुलाला तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजी संभाषणाचा क्लास लावलेला. चित्रपट आणि मालिका यांवर इंग्रजीत कसे बोलावे, यासाठी त्या क्लासाने पन्नास शब्दांचा एक कागद दिला होता. "सर, पोराची इंग्रजी आयका जरा," गृहस्थ कौतुकाने म्हणाले. चिरंजीव उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "द प्लॉट वॉज ग्रिपिंग, द कास्ट वॉज सुपर्ब, द क्लायमॅक्स वॉज माइंड-ब्लोइंग."

मी विचारले, "वा! कोणता चित्रपट हा?"

मुलाने बापाकडे पाहिले, बापाने माझ्याकडे. मग मुलगा निरागसपणे म्हणाला, "कोन्ताही चालते सर. वाक्य थेच राह्यते."

इतक्यात माझी आई चहा घेऊन बाहेर आली. तिच्या कानावर एकच शब्द पडला होता. तिने आनंदाने विचारले, "कोन्ता प्लॉट घेतला हो यायनं? किती फुटाचा हाये?"

आम्ही सगळे हसलो. पण रात्री विचार करता करता मला वाटले की, त्या बैठकीत अर्थ धरून बोलणारी एकटी माझी आईच होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात प्लॉट म्हणजे बिनशेती झालेला जमिनीचा तुकडा, सीझन म्हणजे कपाशीचा, आणि कास्ट म्हणजे दाखल्यावर लिहिलेली जात. हे शब्द आमच्या लोकांनी कोणत्याही कागदावरून पाठ केलेले नाहीत. व्यवहाराने ते शिकवले, म्हणून ते पक्के बसले. त्या चिरंजीवांच्या तोंडी मात्र तेच शब्द नुसते आवाज होऊन राहिले होते.

कोणी म्हणेल, मास्तर स्वतः जेमतेम मॅट्रिक, इंग्रजीचा राग काढतो आहे! रागच काढायचा तर तो माझ्या स्वतःवर काढायला हवा. शाळेत असताना 'मी पाहिलेला चित्रपट' हा इंग्रजी निबंध मी गाइडातून पाठ केला होता. आमच्या खेड्यात टॉकीज नव्हती, तो चित्रपट मी पाहिलेला नव्हता. तरी निबंधाला चांगले गुण मिळाले. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगण्याचे ते गुण होते. पुढे शिक्षक झाल्यावर असे शब्दांचे कागद मीही वर्गात वाटले आहेत. तेव्हा हा आरोप परक्यावर नाही, पहिला आरोपी मीच आहे.

इंग्रजी नको असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. गरिबाच्या पोराला ते आले पाहिजे, आणि चांगले आले पाहिजे. इंग्रजी शब्द कानावर पडताच नाक मुरडणाऱ्या सोवळ्या मंडळींचाही मी नाही. सिनेमाचे इंग्रजी तर आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी कधीच आपलेसे केले. जत्रेतल्या तंबूत बसून शेतकऱ्याने टॉकीज, रीळ, हाऊसफुल, इंटरव्हल हे शब्द उचलले. त्यांतला इंटरव्हल तर असा पचवला की, विलायतेत चित्रपट सहसा सलग दाखवतात आणि आपल्याकडे मात्र कथाच मुळी इंटरव्हलच्या आधीची आणि नंतरची अशी बांधतात. गरज होती, म्हणून शब्द आला आणि रुजला.

जिथे उसना शब्द नको वाटला तिथे आपण नवा घडवला. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा पडदा मुका होता. १९३१ साली 'आलम आरा' हिंदीत बोलला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, आणि बोलणाऱ्या पटाला आपण 'बोलपट' म्हणू लागलो. बोलपट, दिग्दर्शक हे शब्द रूढ करण्याचे श्रेय सावरकरांना दिले जाते. सांगायचे एवढेच की, आधी वस्तू डोळ्यांसमोर आली, तिच्याविषयी बोलण्याची निकड लागली, आणि मग शब्द जन्मला. आपले क्लास हा क्रम उलटा करतात. शब्द आधी, बोलायचे काय ते नंतर पाहू! आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कोठून?

आता माझ्या वर्गातली दुसरी गोष्ट ऐका. आठवीच्या मुलांना मी सांगितले होते की, पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी चार शब्द बोला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला क्लास नाही, आईबाप मजुरीला जातात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तिने मावशीच्या मोबाईलवर पाहिला होता. त्या चित्रपटात जब्याचे घरचे लोक डुकरे धरत असतात आणि सारा गाव त्यांना हसत असतो. शेवटी जब्या चिडून दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्या अंगावर येतो आणि चित्रपट संपतो. ती मुलगी म्हणाली, "सर, थो गोटा मलेच लागला. त्यायले हासत होते ना, तवा मीबी हासली होती."

वर्ग गप्प झाला. मीही गप्प झालो. शहरातल्या विद्वानाने पाच पाने लिहिली असती तरी त्या शेवटाचा याहून खरा अर्थ त्याला सांगता आला नसता.

मग मी तिला म्हटले, हेच आता इंग्रजीत सांगून पाहू. तिने एकेक शब्द मागायला सुरुवात केली. 'पाहणारे लोक' याला काय म्हणतात? ऑडियन्स. 'शेवटचं चित्र' याला? लास्ट शॉट. शेवटी तिने स्वतःच वाक्य केले, "आय लाफ्ड. द स्टोन हिट मी." पाच-सहा शब्दांचे इंग्रजी, पण त्यात चित्रपट आहे, ती मुलगी आहे, आणि तिचा पश्चात्तापही आहे. त्या चिरंजीवांच्या पन्नास शब्दांत यांतले काय होते? 'द कास्ट वॉज सुपर्ब' हे वाक्य 'फँड्री'लाही बिनदिक्कत चिकटवता येते. ज्या चित्रपटाचा सारा गाभाच जात आहे, त्याविषयी ते म्हणताना पोराची जीभ अडखळत नाही, यातच सारे आले.

लोक म्हणतात, "सर, मुलाखतीत विचारतात हो, आवडता चित्रपट कोणता म्हणून." विचारू द्या. विचारणाऱ्याने 'ग्रिपिंग प्लॉट' सकाळपासून वीस जणांकडून ऐकलेला असतो. तो एकविसाव्याला फक्त एवढेच विचारतो, "का आवडला?" तिथे कागद संपतो. स्वतःचे मत असलेले पोर मोडक्या इंग्रजीतही पुढे बोलू शकते. मत नसलेल्याला शुद्ध इंग्रजीतही काही सांगता येत नाही.

लहानपणी, १९८७ साली, दर रविवारी सकाळी आमचा अर्धा गाव एका घरच्या टीव्हीसमोर 'रामायण' पाहायला जमे. अनेकांना हिंदी धड येत नसे. पण संध्याकाळी पारावर कैकेयीची बाजू घेणारे आणि तिला शिव्या घालणारे असे दोन तट पडत, आणि वाद वऱ्हाडीत चाले. आज घरोघरी प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. मालिका जगभरच्या आहेत, पण पाहून झाल्यावर वाद घालायला पार उरला नाही. आमच्या पोरांचे खरे दारिद्र्य हे आहे, इंग्रजी शब्दांचे नव्हे. आणि क्लास लावून ते भरून निघत नाही.

तेव्हा पालकहो, या सुटीत एक करा. फराळ झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहा. मग पोराला विचारा, काय पाहिलेस? कोणाचे चुकले? तू असतास तर काय केले असतेस? त्याला त्याच्या बोलीत मनसोक्त बोलू द्या, आजीलाही मध्ये बोलू द्या. मग त्यातली पाच वाक्ये इंग्रजीत करायला सांगा. अडेल तिथे कोश उघडा, किंवा शिक्षकाकडे पाठवा. असा मागून घेतलेला शब्द तो जन्मात विसरणार नाही.

ते गृहस्थ दसऱ्याला पुन्हा आले होते. क्लासाने आता दुसरा कागद दिला आहे, शंभर शब्दांचा. मी चिरंजीवांना म्हटले, कागद राहू दे बाजूला, आधी मला एक गोष्ट सांग. तो बराच वेळ विचार करत बसला. मी घाई केली नाही.