मोतीबिंदू ‘दहा मिनिटांचं काम’, मग पडद्याचं काय?

मंडळी, स्पष्टच लिहिते. राग आला तर कमेंटमध्ये भांडा.

सुट्टीत भारतात जाताना आपली यादी असते: बँकेचं केवायसी, आधार अपडेट, आईचा मोतीबिंदू. जसं काही तेही फॉर्म भरण्याचंच काम! ऑपरेशन होतं, चार दिवसांनी आई पेपर वाचते, पंधराव्या दिवशी आपण कुवेतला परत. विषय संपला.

मी सीए आहे, डॉक्टर नाही. पण तारखांचा हिशेब मला कळतो. ऑपरेशननंतर पडद्याला, म्हणजे रेटिनाला, सूज येते ती बहुधा 4 ते 6 आठवड्यांनी. मधुमेह असेल तर धोका जास्त. पडदा सुटणं तर काही महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं. म्हणजे लक्ष द्यायची वेळ येते तेव्हा आपण हवल्लीत!

पडदा सुटण्याचं प्रमाण साधारण शंभरात एकाहून कमी, मान्य. मोतीबिंदू काढूच नका असं मी म्हणत नाही. पण धोका सगळ्यांना सारखा नसतो. मोठा मायनस नंबर असेल, किंवा ऑपरेशनमध्ये लेन्समागचं पातळ आवरण फाटलं असेल, तर तो बराच वाढतो.

आणि आपण विचारतो काय? लेन्स इम्पोर्टेड आहे का, पॅकेज केवढ्याचं, कॅशलेस होईल का. थेंब घालून पडदा तपासला का, हे कोण विचारतं?

इथल्याच एका मैत्रिणीच्या बाबांना अचानक काळे ठिपके दिसू लागले. “पोरं लांब, कशाला घोर लावायचा” म्हणून ते आठ दिवस गप्प बसले. पडदा सुटला होता. ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरला, तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद. कुवेतची तिकिटं रद्द झाली. नजर पूर्ण परत आली नाही ती नाहीच.

म्हणून तारीख आपल्या रजेवर ठरवू नका. आईबाबांना सहा आठवड्यांनी तपासणीला कोण नेणार, ते आधी ठरवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो जवळ ठेवा. आणि त्यांना बजावून सांगा: डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, ठिपके एकदम वाढले, बाजूने काळा पडदा आला, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलची वाट बघायची नाही.

लेन्सचे पैसे भरले म्हणजे आपलं काम झालं, असं निदान मला तरी सांगू नका.