ॲव्हरेज वाढवणारी ‘चिप’ : गाडीच्या डोक्यात नेमकं काय बदलतं?

मोबाईलवर चार व्हिडिओ खाली सरकवले की ही जाहिरात येतेच. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा प्लग खोचायचा, हिरवा दिवा लुकलुकला की काम झालं. गाडीचा कॉम्प्युटर म्हणे आपोआप नव्याने ट्यून होतो आणि ॲव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं. किंमत हजाराच्या आत, पैसे माल हातात आल्यावर. पंपावर ई-२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेजचा विषय पारावर आणि गॅरेजात सारखाच निघतोय, त्यामुळे अशा वस्तूला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

गाडीवाल्यांची तक्रार हवेतली नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत देशभरात तेच नेहमीचं पेट्रोल झालं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच हे लिहिलेलं होतं. इथेनॉलसाठी न बनवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के, दुचाकींचं ३ ते ४ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या नव्या चारचाकींचं १ ते २ टक्के घटेल, असा तो अंदाज. म्हणजे वीसचं ॲव्हरेज देणारी जुनी गाडी ६ टक्के घटीने १८.८ वर येते. हजार किलोमीटरला सव्वातीन लिटर जास्त. महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर वडाप मारणाऱ्याला हा आकडा खिशात जाणवतो.

यात एक गंमतही आहे. ज्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्याच घरची वॅगनआर हे पेट्रोल पिते. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा मिळतो, उसाच्या बिलाला हातभार लागतो, हे नाकारून चालणार नाही. पण पंपावर उभ्या राहिलेल्या माणसाला जुनं पेट्रोल मागायची सोय नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीचं आता काय करायचं हे त्याला कोणी धड सांगितलेलं नाही. ही मोकळी जागा चिपवाल्यांनी बरोबर हेरली.

डबी उघडल्यावर काय निघतं

ज्या सॉकेटमध्ये ही डबी बसते त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. सोळा पिनांचं हे सॉकेट गाडीचे दोष वाचण्यासाठी दिलेलं आहे. सर्व्हिस सेंटरवाले स्कॅनर लावतात तो इथेच.

बाहेरदेशी इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारांनी अशा डब्या उघडून पाहिल्या. आत एक लहान चिप, एक बटण आणि दिवे. गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला जो भाग लागतो, तोच नव्हता. दिवा लुकलुकत होता तो नुसता वेळ लावून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून जास्त उपकरणं गेल्या काही दशकांत तपासली. ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पाडणारं त्यात काही सापडलं नाही.

मग घेणारे फरक पडला असं का सांगतात? डबीच्या कागदावर लिहिलेलं असतं की पहिले दीड-दोनशे किलोमीटर चिप गाडीची सवय ‘शिकते’, तोवर सावकाश चालवा. पैसे घातलेत म्हटल्यावर माणूस पायही जपूनच दाबतो. ॲव्हरेज वाढतं ते त्या पायामुळे. दुसरं, बहुतेक लोक दोनशे-पाचशेचं पेट्रोल टाकतात आणि काट्यावरून हिशेब धरतात. त्यात दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो.

दारं धरणारा कॉम्प्युटर

चिप नक्की काय बदलल्याचा दावा करते, हे कळायला इंजिनात डोकवावं लागेल. सिलिंडरला दोन प्रकारची दारं असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो.

ज्याने रात्री लाईट आल्यावर उसाला दारं धरलीत, त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पाणी जोरात असेल तर वाफा भरायच्या जरा आधीच पुढचं दार फोडावं लागतं, पाणी बारीक असेल तर थांबावं लागतं. एकाच ठरलेल्या वेळेने सगळे वाफे भिजत नाहीत. जुन्या इंजिनात मात्र व्हॉल्व्हची वेळ कॅमशाफ्टवर कायमची कोरलेली असायची. हळू चालताना चांगली असलेली वेळ पळताना कमी पडायची, पळताना चांगली असलेली वेळ हळू चालताना इंजिन थरथरवायची. कंपनी मधला कुठला तरी आकडा धरायची.

बोनेटखाली किंवा मागच्या काचेवर व्हीव्हीटी असं लिहिलेलं असतं, ते या अडचणीवरचं उत्तर. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे गरजेप्रमाणे सरकणारी वेळ. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते अनेक वर्षांपासून आहे. कॅमशाफ्टच्या टोकाला चेनच्या दात्याच्या चाकात एक पोकळ डबी असते. तिच्यात इंजिन ऑईल दाबाने सोडलं की कॅमशाफ्ट काही अंश पुढे किंवा मागे फिरतो. ऑईल किती सोडायचं हे एक छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ठरवतो आणि त्याला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर कोण कुठे आहे ते सतत कळवत असतात. वेळ चुकली की कॉम्प्युटर लगेच दुरुस्त करतो.

त्याच्या डोक्यात कंपनीने मोठा तक्ता भरलेला असतो: इतक्या फेऱ्या, इतका लोड, मग कॅम इतके अंश पुढे, पेट्रोल इतकं, ठिणगी या क्षणाला. तिन्ही आकडे एकमेकांत गुंतलेले. एक हलवला तर बाकीचे हलवावेच लागतात. लुकलुकणारी डबी हे सगळं दोनशे किलोमीटरमध्ये शिकून नवा तक्ता लिहिते, असा तिचा दावा आहे.

ॲव्हरेजच्या नादात जी खरी गोष्ट सुटते ती ऑईल. व्हीव्हीटी चालतं ते ऑईलच्या दाबावर. नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुतेक वेळा ०डब्ल्यू-२० सारखं पातळ ऑईल सांगितलेलं असतं. गावात मात्र ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधलं जाड ऑईलच गाडीत ओतलं जातं, किंवा ‘अजून काळं झालं नाही’ म्हणून दीड वर्ष तेच चालवलं जातं. गाळ साचला की त्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची बारीक जाळी तुंबते, कॅम जागच्या जागी अडकतो. सकाळी स्टार्ट केल्यावर क्षणभर खडखड, चढाला दम तुटणं, आयडलला थरथर आणि चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी-००११ असा कोड आला तर पहिली तपासणी ऑईलची करायची असते. चिपच्या पैशांत घरच्या गाडीचं योग्य ऑईल पुरतं नसलं तरी निम्मं-अर्धं नक्की येतं.

सीएनजी बसवलेल्यांसाठी

सगळीच बाहेरची उपकरणं खोटी नसतात. सीएनजी किटसोबत बसवला जाणारा टायमिंग ॲडव्हान्सर हे खरं उपकरण आहे. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी जरा आधी पडली तर ताकद सुधारते. ॲडव्हान्सर कॉम्प्युटरला जाणारा सेन्सरचा सिग्नलच काही अंश पुढे सरकवतो. कॉम्प्युटरला वाटतं क्रँक पुढे आलाय, आणि तो ठिणगी आधी टाकतो.

साध्या इंजिनात हे चालून जातं. व्हीव्हीटीच्या गाडीत घोटाळा होतो. क्रँकचा सिग्नल सरकवला आणि कॅमचा तसाच ठेवला, तर कॉम्प्युटरला दोघांतलं अंतर बिघडलेलं दिसतं. तो कॅम फिरवून ते जुळवायला जातो, किंवा पी-००१६ कोड टाकून सावध होतो. मग गिऱ्हाईक किटवाल्याकडे, किटवाला शोरूमकडे, शोरूम परत किटवाल्याकडे. काही ठिकाणी टायमिंग चेन गेली असं सांगून ती बदलायचा खर्चही गळ्यात मारला जातो. व्हीव्हीटी असलेल्या इंजिनासाठी दोन्ही सिग्नल सांभाळणारा ॲडव्हान्सरच लागतो. किट बसवण्याआधी फिटरला हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

खरं ट्यूनिंग असतं, पण

व्हॉल्व्हचं टायमिंग बाहेरून बदलायचा उद्योग जुना आहे. होंडाने १९८९ मध्ये जपानात व्हीटेक इंजिन आणलं. ठराविक फेऱ्यांना दुसरा, मोठा कॅम कामाला लागायचा. बदल एकाच टप्प्यावर व्हायचा, त्यामुळे तिथल्या हौशी लोकांनी तो टप्पा मागेपुढे करणारे कंट्रोलर मधे जोडले आणि ते चालले. आपल्याकडे यामाहाच्या आर-१५ मध्ये २०१८ पासून याच जातीची व्यवस्था आहे. ७,४०० फेऱ्यांना तिचा कॅम बदलतो. तालुक्याच्या खड्ड्यांतून किती पोरं त्या आकड्याला पोचतात, हा भाग वेगळा.

आताच्या गाड्यांत कॅम एका टप्प्यावर बदलत नाही, सतत सरकत राहतो. तिथे एक वायर कापून भागत नाही, ईसीयूमधला तक्ताच नव्याने लिहावा लागतो. त्याला रिमॅप म्हणतात. शहरात ते करणारे आहेत, खर्च काही हजारांचा असतो. नीट करणारा गाडी डायनोवर चढवून ताकद मोजत आकडे बदलतो. टर्बोच्या डिझेल गाडीत त्याने ताकद चांगलीच वाढते. टर्बो नसलेल्या वॅगनआर-अर्टिगासारख्या पेट्रोल गाडीत मात्र मिळण्यासारखं फार उरलेलंच नसतं, कारण कंपनीने व्हीव्हीटी देऊन ते आधीच काढून घेतलंय.

डिझेल पिकअपवर ‘ट्यूनिंग बॉक्स’ लावायची फॅशन त्याहून धोक्याची. तो इंधनाच्या दाबाचा सेन्सर फसवतो. दाब कमी आहे असं ऐकून कॉम्प्युटर दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. गाडी ओढते खरी, पण पंप, इंजेक्टर, क्लच आणि टर्बो यांच्यावर जो ताण येतो त्याचं बिल नंतर येतं. बीएस-६ गाडीत धुराची जाळी लवकर भरते ते वेगळंच.

सॉफ्टवेअर काय करू शकतं हे जगाने २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम घातला होता, की चाचणी चालू असताना धूर कमी आणि रस्त्यावर जास्त. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या, भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास परत बोलावल्या गेल्या. आपल्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत, त्यामुळे रिमॅप केलेली गाडी तिथे बहुधा पासही होते. पीयूसी पास म्हणजे सगळं कायदेशीर, हा समज चुकीचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेली मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किटला परवानगी आहे, पण मंजूर किट आणि आरसीवर नोंद असेल तरच. रस्त्यावर पोलीस ईसीयू उघडून बघणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघू शकतो. दहा माणसं भरून जाणाऱ्या गाडीचा क्लेम अडकला तर नुकसान एकट्या मालकाचं नसतं.

ॲव्हरेज खरंच घटलं का हे पाहायचं तर एकाच पंपावर टाकी फुल करावी, तीनशे किलोमीटरनंतर तिथेच पुन्हा फुल करावी, असं तीनदा करून सरासरी काढावी. चाकातली हवा आणि एअर फिल्टर त्याआधी बघून घ्यावा. त्याच ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर चिपच्याच किमतीत मिळतो. मोबाईलवर फुकट ॲप टाकलं की तो चेक इंजिनचा कोड दाखवतो, आणि गॅरेजवाला सांगतोय ते खरं की खोटं याचा अंदाज येतो. तोही रात्रभर लावून ठेवू नये, बॅटरी उतरते. चिप आधीच घेऊन बसलेल्यांनी डबी, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे.