नातवंडांचा पिझ्झा, आजोबांचे मीठ

सुटीत नातवंडे धाराशिवला आली की विजेच्या ग्रिलवर पिझ्झा होणारच. आपणही तो चाखावा. मात्र मिठाचे भान राखावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. गोठवलेल्या पिझ्झ्याच्या पोळीत, सॉसमध्ये, चीजमध्ये, सगळीकडे ते असते. रक्तदाब असणाऱ्यांनी वेष्टनावरील सोडियमचा आकडा वाचावाच. त्यापेक्षा आपल्या ज्वारीची जाडसर, मऊ भाकरी बरी. (कडक भाकरी कवळीला झेपत नाही!) एक बाजू ग्रिलवर भाजून ती उलटावी, भाजल्या बाजूवर टोमॅटो, कांदा आणि बिनमिठाचे घरचे पनीर पसरावे, वर खोलगट झाकण ठेवावे. गोठवलेला पिझ्झा मधोमध वाफाळेपर्यंत शिजवावा. दीर्घ भारनियमनात तो वितळून कोमट झाला असेल, तर पुन्हा न गोठवता टाकून द्यावा.