याहूने केलेली झिम्ब्राची खरेदी

झिम्ब्रा ही ई-मेल, दिनदर्शिका आणि संपर्कसूची एकत्र हाताळणारी मुक्त स्रोत संगणकप्रणाली होय. ती विकसित करणारी त्याच नावाची कंपनी सुमारे ३५ कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे याहू या अमेरिकी इंटरनेट कंपनीने १७ सप्टेंबर २००७ रोजी जाहीर केले. (‘आय झिम्ब्रा’ या टॉकिंग हेड्स वाद्यवृंदाच्या गीतावरून घेतलेल्या या नावाला मुळात काहीही अर्थ नाही.)

जी आज्ञावली कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, तिच्यासाठी एवढी रक्कम कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु याहूने मोल दिले ते केवळ आज्ञावलीचे नव्हे. आज्ञावलीवरील स्वामित्वहक्क, झिम्ब्रा हे नाव, ती घडवणारे अभियंते आणि सशुल्क आवृत्ती वापरणारी विद्यापीठे व इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्या हे सारे त्यात आले. यांपैकी स्वामित्वहक्क सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढील आवृत्ती कोणत्या अटींवर द्यायची हे तो धारण करणाराच ठरवतो. आधी दिलेला परवाना सहसा मागे घेता येत नाही. पुढचा मात्र बदलता येतो.

झिम्ब्राचा खुलेपणा मुळातच थोडा अटीतटीचा होता. तिचा परवाना मोझिला सार्वजनिक परवान्यावर बेतलेला असला, तरी वापरणाऱ्याने कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर कायम ठेवावे, असे बंधन त्यात होते. खरेदीनंतर तो याहू सार्वजनिक परवाना या नावाने ओळखला जाऊ लागला. आज्ञावलीची स्वतंत्र शाखा काढणे शक्य होते. झिम्ब्राचे नाव मात्र मालकाचेच राहणार होते.

खरेदीला सहा महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने याहूसाठी सुमारे ४,४६० कोटी डॉलरचा प्रस्ताव मांडला. मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज ही प्रणाली झिम्ब्राची थेट प्रतिस्पर्धी असल्याने तिच्या ग्राहकांना वाटलेली धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. तो प्रस्ताव फिसकटला. तरीही झिम्ब्रा याहूकडे फार काळ राहिली नाही: २०१० मध्ये ती व्हीएमवेअरकडे, २०१३ मध्ये टेलिजंटकडे आणि २०१५ मध्ये सिनाकोरकडे गेली.

भारत सरकारच्या ई-मेल सेवेसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने अनेक वर्षे झिम्ब्राचाच वापर केला. त्यामुळे ही मालकीबदलांची साखळी केवळ अमेरिकी व्यापारवार्ता ठरत नाही.

मालकाच्या अधिकाराचा प्रत्यय २०२० मध्ये आला. नवव्या आवृत्तीपासून सिनाकोरने मुक्त आवृत्तीचे तयार संच देणे थांबवले. झेक्स्ट्रास या इटालियन कंपनीने उपलब्ध आज्ञावलीवरून ते संच बांधून देण्यास आरंभ केला आणि पुढे कार्बोनिओ ही आपली निराळी प्रणाली बाजारात आणली.