पराभवानंतरचा पहिला प्रश्न

उत्तर दिल्लीत हिंदूराव रुग्णालयाला वळसा घालून रिजवर जाणारा रस्ता ही निवृत्तीनंतरची माझी रोजची वाट. ज्यांच्या हवेलीवरून या परिसराला नाव मिळाले ते हिंदूराव घाटगे म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे चालताना वेगळ्या सोबतीची गरज भासत नाही. १९ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी मात्र चहाच्या टपरीवरील वादाने मला थांबवले. आदल्या रात्री ढाक्यात भारतीय फुटबॉल संघ बांगलादेशकडून ०-१ असा हरला होता. २२ वर्षांत प्रथमच. टपरीवरच्या महाविद्यालयीन मुलांचे जवळपास एकमत झाले होते : प्रशिक्षक खालिद जमील यांना काढा. एकच मुलगा म्हणाला, ‘‘येऊन चार महिनेही झाले नाहीत. यांच्या जागी येणारा वेगळे काय करील, ते कोणी सांगेल का?’’ त्याला उत्तर मिळाले नाही.

मुलांचा राग निराधार नव्हता. जमील यांची नियुक्ती ऑगस्टमधली. क्लबच्या फुटबॉलमध्ये ते मुरलेले असले तरी राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्यासाठी नवी होती. मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून संघाने तिसरे स्थान मिळवले, तेव्हा कौतुक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. तेथून कौतुकाचे रूपांतर संतापात होण्यास वेळ लागला नाही.

या गृहस्थांची मुंबईतील कारकीर्द या संदर्भात आठवण्याजोगी आहे. २००९ मध्ये मुंबई एफसीने ३२ वर्षांच्या जमील यांच्याकडे, म्हणजे मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नसलेल्या आपल्याच माजी खेळाडूकडे, संघ सोपवला. पैसा बेताचा, कूपरेजचे मैदान कधी उपलब्ध तर कधी नाही, मग सामने पुण्याच्या बालेवाडीत. पिवळ्या जर्सीमागे उभा राहणारा चाहतावर्गही मूठभर. सात हंगामांत विजेतेपद एकदाही आले नाही. पण संघ खालच्या श्रेणीत घसरला, असेही एकदाही झाले नाही. २०१६ मध्ये जमील गेले. त्यानंतरच्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगच्या तळाशी गेला आणि त्याची घसरण झाली. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिले. गोव्याच्या दोन क्लबांनी माघार घेतल्यामुळे ज्याला वरच्या श्रेणीत जागा मिळाली होती, असा तो संघ. मुंबईने सात वर्षे जो अनुभव घडू दिला, त्याचे फळ ऐझॉलला मिळाले.

याहून मोठा दाखला सय्यद अब्दुल रहीम यांचा. हैदराबादच्या या शिक्षकाकडे १९५० मध्ये राष्ट्रीय संघ आला. १९५१ मध्ये याच दिल्लीत इराणला १-० असे नमवून आशियाई सुवर्णपदक मिळाले. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढवले. भारताचा अवघा एक. आजच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी राजीनामा मागितला गेला असता. त्या वेळी कारण शोधले गेले : आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. महासंघाने बूट सक्तीचे केले आणि रहीम यांना ठेवले. १९५४ मध्ये मनिलात पुन्हा अपयश आले. १९५६ मध्ये मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आला आणि १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून दुसरे आशियाई सुवर्ण. पराभवानंतरचा पहिला प्रश्न ‘कोण चुकले’ हा नव्हता, ‘काय चुकले’ हा होता.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नुसता वेळ दिला की यश येते, असे नाही. इगोर स्टिमाच यांना २०१९ पासून पाच वर्षे मिळाली; २०२३ मध्ये करार वाढवला गेला आणि २०२४ मध्ये, तो संपण्याच्या दोन वर्षे आधी, त्यांना हटवले गेले. उलट मानोलो मार्केस यांना जेमतेम एक वर्ष आणि आठ सामने मिळाले. एकाला किती काळ द्यायचा आणि कोणत्या कसोटीवर, हे आधी ठरलेलेच नसेल तर संयम आणि उतावीळपणा दोन्ही सारखेच आंधळे ठरतात.

प्रशासनात मी हेच पाहिले. पाहिले म्हणण्यापेक्षा केले. एका तरुण अधिकाऱ्याने रेशन दुकानांच्या तपासणीची पद्धत बदलली. पहिल्या पाच महिन्यांत तक्रारी वाढल्या. मी आकडा पाहिला आणि त्याच्या बदलीची शिफारस केली. पूर्वी ज्या तक्रारी नोंदवल्याच जात नव्हत्या त्या आता नोंदवल्या जात होत्या, म्हणून आकडा फुगला होता, हे मला नंतर उमगले. वर्षभराने तक्रारी घटल्या आणि शाबासकी त्याच्या जागी आलेल्याला मिळाली. त्या अधिकाऱ्याला मी कधी पत्र लिहिले नाही. ती खंत अजून आहे.

कायद्याला हा रोग ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात पोलीस महासंचालकांसाठी किमान दोन वर्षे सांगितली आणि २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सनदी सेवांसाठी किमान कार्यकाळाचा आग्रह धरला. मुदतीपूर्वी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावीत, अशी महाराष्ट्राच्या कायद्यात अपवादाची तरतूद आहे. अपवादाच्या या खिडकीचा दरवाजा कसा होतो, हे सचिवालयात वावरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून मैदान असो वा जिल्हा, तीन गोष्टी पाळता येतील. नेमणुकीच्या दिवशीच मुदत आणि कसोटी जाहीर करावी. मध्यावर लेखी आढावा घ्यावा आणि त्यात माणसाची चूक व साधनांची उणीव वेगवेगळी मांडावी. मुदत संपल्यावर मात्र हिशेब भिडेपोटी टाळू नये. चाहत्यांनी गॅलरीत ओरडावे, तो त्यांचा हक्क आहे. ते दर सामन्याला येतात, घडणे आणि बिघडणे डोळ्यांनी पाहतात. निर्णय घेणाऱ्यांनी त्या ओरडण्याला अहवाल समजू नये, एवढेच.

टपरीवरून उठताना मी त्या मुलाला विचारले, ‘‘किती वेळ द्यावा म्हणतोस?’’ तो म्हणाला, ‘‘ते त्यांना नेमतानाच ठरवायला हवे होते.’’