काटा सांगतो, वही खरं बोलते

मैत्रिणींनो, शिरूरहून दौंडला निघताना मोटारसायकलीचा काटा ‘अर्धी टाकी’ दाखवतो आणि न्हावऱ्यापुढे, उसाच्या पट्ट्यात ऐन दिवेलागणीला गाडी बंद पडते. बरोबर तापाने फणफणलेलं मूल असेल तर? म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये.

टाकीत एक तरंगता गोळा असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो नि काटा हलतो. गोळा अडकला, तार सैल झाली किंवा गाडी बाजूच्या स्टँडवर कलती असली, की काटा फसवतो.

उपाय सोपा. टाकी भरली की किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुन्हा तेवढीच भरताना लागलेले लिटर मांडा. १८० किलोमीटरला ४ लिटर, म्हणजे लिटरला ४५. टाकी १० लिटरची असेल तर ३०० किलोमीटर झाले की पेट्रोल भरायचंच, काटा काहीही म्हणो!

पंपावर इंजिन बंद ठेवावं, आकडा शून्यावर आहे ना ते पाहावं. शंका आल्यास ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागावं. तो ग्राहकाचा हक्कच आहे. टाकी काठोकाठ भरू नये, बाटलीतलं पेट्रोल घरात ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी झाकणाचं रबर तपासून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं.

दुधाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या तुम्हांला हे का जड आहे?